पेडल खाली जात असताना गाडी दिलीसच कशी?

आधी त्या गिऱ्हाइकाला फोन लाव, माझं नंतर ऐक. गाडी जिथे असेल तिथेच उभी ठेवायला सांग. उद्या पहाटे आंबा घाट उतरून बायकामुलांना घेऊन रत्नागिरीकडे जायचं म्हणतोय ना तो माणूस? त्याला स्पष्ट सांग की ब्रेकचं काम पुरं झालेलं नाही, गाडी चालवू नका. ‘जरा एक चेकिंग राहिलंय’ असलं गुळमुळीत काही बोलू नकोस. त्याला राग येईल, तो चार शब्द सुनावेल, ते ऐकून घे. तुझंच काम आहे ते.

लावलास फोन? आता ऐक.

‘सर, पेडल थोडं मऊ लागतंय, पण दोनदा मारलं की येतंय, चालवून चालवून सेट होईल.’ हेच तू मला सांगितलंस आणि हेच सांगून गाडी त्याच्या हातात दिलीस. काय सेट होणार होतं रे? नवे पॅड डिस्कवर नीट बसायला थोडं अंतर चालवावं लागतं, हे खरं. तोवर पकड जरा कमी लागते, पाय थोडा जास्त दाबावा लागतो. पण पेडल तेव्हाही उंचावरच अडलं पाहिजे आणि पायाखाली घट्ट लागलं पाहिजे. पकड कमी असणं वेगळं आणि पेडल खाली जाणं वेगळं. दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकलेल्या पोराला हा फरक कळत नाही असं मी मानत नाही. तुला कळत होता. गाडी संध्याकाळच्या आत द्यायची होती, म्हणून तू तो बाजूला सारलास. पॅड घासून बसतील, पण पाइपात अडकलेली हवा गाडी चालवून कुठून बाहेर पडेल? बंद सर्किट आहे ते. हवा काढायचं निपल उघडल्याशिवाय तिला वाट नाही.

आणि ‘दोनदा मारलं की येतंय’ ह्याचा अर्थ कधी मांडून पाहिलास? साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. पहिल्यांदा पाय मारला, पेडल खाली गेलं, माणूस दचकला, पाय उचलला, पुन्हा मारला. ह्यात अर्धा सेकंद गेला असं धर. आठ मीटर गेले. तुझ्या गॅरेजसमोर दोन छोट्या गाड्या एकामागे एक लावल्यास तर जेवढी जागा जाईल, तेवढं अंतर गाडी ब्रेकशिवाय पुढे गेली. आणि हे झालं, दोनदा मारायचं असतं हे ज्याला माहीत आहे त्याच्याबद्दल. त्याची बायको गाडी चालवायला बसली तर? तिला कोण सांगणार होतं? घाबरलेला माणूस पेडल पंप करत नाही, आहे तिथे दाबून धरतो. हे मी तुम्हाला वर्गात कितीदा सांगितलं असेल.

तू केलेली खात्रीही खात्री नव्हे. ‘शेडमध्ये उभ्या गाडीत चार वेळा मारलं, पेडल एकदम कडक झालं’ म्हणालास. इंजिन चालू होतं का तेव्हा? नव्हतं. इंजिन बंद असताना तीन-चार वेळा पेडल दाबलं की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि कुठल्याही गाडीचं पेडल कडक होतं. ब्रेक चांगले असोत की वाईट असोत, होतं. तो कडकपणा बूस्टरची मदत गेल्याचा होता. तो पाहून तू समाधान मानलंस आणि पाने पुसून पेटीत ठेवलेस. बूस्टर बघायचा असेल तर त्याची रीत तुला शिकवली आहे: इंजिन बंद ठेवून पेडल मारून व्हॅक्यूम संपव, पाय दाबून धर, मग इंजिन चालू कर. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. इतकंच त्यातून कळतं. लाइनमध्ये हवा नाही असं ती चाचणी कधीच सांगत नाही.

आता हवेकडे येऊ, कारण तुझं सगळं घोडं तिथेच अडलंय. पास्कलचा नियम पहिल्याच वर्षी वहीत लिहिलास, परीक्षेत त्याचे मार्कही मिळवलेस. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. ब्रेक ऑइल दाबलं तरी जवळपास आक्रसत नाही, म्हणून तर तुझ्या पायाचा जोर चार चाकांपर्यंत जातो. हवा मात्र आक्रसते. किती आक्रसते ते हिशेबाने बघ. मास्टर सिलेंडरचा बोअर 20 मिलिमीटर धर. पिस्टनचं क्षेत्रफळ आलं साधारण 3.14 चौरस सेंटिमीटर. लाइनमध्ये फक्त 3 मिलिलीटर हवा राहिली आहे असं समज. जोराचा ब्रेक मारताना लाइनमधला दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पट सहज जातो, म्हणजे ती हवा दबून पन्नासाव्या हिश्श्याएवढी उरते, जवळपास काहीच नाही. ती दाबून संपवायला पिस्टनला जवळजवळ एक सेंटिमीटर जादा सरकावं लागतं. पेडलचा लिव्हर चौपट धरलास तर पायाखाली जवळपास चार सेंटिमीटर फुकट गेले. लहान मुलाला औषध द्यायचा चमचा 5 मिलिलीटरचा असतो. त्याच्यापेक्षा कमी हवेने हे होतं. म्हणून ‘थोडीशी हवा असेल’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. ब्रेकमध्ये थोडीशी हवा नसते. हवा असते किंवा नसते.

ती आली कुठून, हे तू स्वतःला विचारलंसच नाही. नुसते पॅड बदलले असते तर ऑइलचं सर्किट उघडतच नाही. पिस्टन मागे ढकलायचा, पॅड बसवायचे, आणि गाडी हलवण्याआधी पिस्टन पुन्हा पॅडला टेकेपर्यंत पेडल मारायचं. एवढ्याने पेडल जागेवर यायला हवं. पण तू पुढचे दोन्ही कॅलिपर बदललेस, कारण एक जाम होता. म्हणजे होज सोडलास, सर्किट उघडलंस. आणि तू अभिमानाने पाठवलेल्या फोटोत मला काय दिसलं? एअर काढायचं निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला आहे. फोटो मोठा करून बघ. दोन्ही बाजूंना तसंच. तू डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावलायस.

बोल्टची भोकं जुळली म्हणून भाग बरोबर बसला असं होत नाही. बऱ्याच गाड्यांचे डावे-उजवे कॅलिपर एकमेकांच्या जागी बिनतक्रार बसतात. फरक फक्त निपलच्या जागेत असतो. हवा वर चढते. निपल वर असलं तर हवा बाहेर येते. निपल खाली असलं तर दिवसभर ऑइल काढत बसलास तरी निपलमधून स्वच्छ, बुडबुडा नसलेलं ऑइल येत राहतं आणि हवा वरच्या पोकळीत तशीच बसून राहते. ‘सर, एक लिटर ऑइल गेलं, एकही बुडबुडा येत नाही, तरी पेडल मऊच’ असं तू म्हणालास ना? ते ह्यामुळे. तुझ्या हाताने खूप कष्ट केले. डोळ्यांनी केले नाहीत.

आणि एवढं झाल्यावर तू मला काय विचारतोस? ‘मास्टर सिलेंडर बदलून बघू का?’ रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कॅलिपर लावायच्या आधी पेडल ठीक होतं, लावल्यावर मऊ झालं, मग शोध तू हात लावलेल्या जागेपासून सुरू करायचा की हात न लावलेल्या? गिऱ्हाइकाच्या पैशाने एकामागून एक भाग बदलत जायचे आणि कुठला तरी एक लागू पडेल अशी वाट बघायची, ह्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. तो माणूस पगारातून पैसे देतो. त्याला आपल्या कामातलं कळत नाही म्हणून तो आपल्याकडे येतो, आणि त्याला कळत नाही म्हणूनच आपण जास्त नीट वागायचं असतं. ह्या बाबतीत मला तुझा खरंच राग आला आहे. पेडल मऊ राहिलं त्याचा एवढा नाही.

मास्टर सिलेंडर खराब असतो का? असतो. पण तो स्वतः सांगतो, ऐकायला शिक. पाय हलका पण सतत दाबून ठेव, आणि पेडल आधी घट्ट लागून मग हळूहळू, गुपचूप खाली खाली उतरायला लागलं, बाहेर कुठे ऑइल गळतही नसलं, तर आतल्या रबरी कपावरून ऑइल मागे सुटतंय, तेव्हा मास्टर सिलेंडरकडे बघ. पेडल पायाखाली लवचीक लागत असलं, दाबल्यावर स्प्रिंग दाबल्यासारखं परत ढकलत असलं, तर ती हवा आहे, किंवा जुना रबरी होज दाबाखाली फुगतोय, किंवा पॅडची पट्टी वाकडी असल्याने नाहीतर ब्रॅकेटमध्ये गंज असल्याने पॅड तिरका बसलाय. आणि पहिल्या फटक्यात पेडल खूप खाली जाऊन, लगेच दुसऱ्या फटक्यात उंच आणि ठाम अडत असलं, तर हवेआधी मागच्या ड्रमचा संशय घे. ह्या तिन्हींचा स्पर्श वेगळा आहे. तो पायाला कळला पाहिजे. डोळे मिटून बसायचं आणि पेडल वाचायचं. वर्कशॉपमधल्या जुन्या गाडीवर मी तुम्हाला एकेकाला बसवून हेच करायला लावत होतो, तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास.

ड्रमचं म्हणालो, कारण तू मागचे शूही नवीन टाकलेत. त्यांची सेटिंग केलीस? हँडब्रेक किती दात वर येतोय विचारल्यावर तू ‘बराच येतोय’ म्हणालास. म्हणजे शू आणि ड्रममध्ये फट मोठी आहे, आणि ती भरून काढायला मास्टर सिलेंडरमधलं बरंचसं ऑइल मागेच खर्च होतंय. एक साधी परीक्षा आहे, पाना लागत नाही, पैसा लागत नाही: हँडब्रेक ओढून ठेव आणि पेडल दाब. पेडल आधीपेक्षा लक्षात येण्याजोगं वर आलं तर मागची फट जास्त आहे. मग ड्रम काढ, ॲडजस्टर बघ. डाव्या-उजव्या चाकाच्या ॲडजस्टरचे आटे बऱ्याच गाड्यांत उलटसुलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर सेल्फ ॲडजस्टर शू जवळ आणायच्या ऐवजी लांब नेतो किंवा हलतच नाही. पुढे कॅलिपर उलटे लावलेस, मागे हेही केलं नसशील अशी आशा आहे, पण आशेवर सोडू नकोस, उघडून बघ. ड्रम बसवल्यावर हाताने फिरवताना शू अगदी हलके घासल्याचा आवाज यावा, चाक मात्र अडता कामा नये. आणि ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नकोस. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस.

आता हातातली बाटली दाखव. कोणतं ऑइल घातलंस? ‘शेल्फवर होतं ते’ हे उत्तर मला नको. उघडं किती दिवस होतं? आता पावसाळा आहे. ही ग्लायकॉलची ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात, झाकण सैल राहिलं तरी ओढतात. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. घाट उतरताना माणूस सारखा ब्रेकवर पाय ठेवून असतो, डिस्क तापते, ती उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळलं की वाफ झाली, आणि वाफही हवेसारखीच आक्रसते. घाटमाथ्यावरून खाली साखरप्याच्या दिशेने निघताना चांगलं असलेलं पेडल खालच्या वळणावर जमिनीला टेकू शकतं, ते असं. म्हणून नवी सीलबंद बाटली आण, गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच. बाटली हलवू नकोस, ओतताना उंचावरून ओतू नकोस, त्यात बारीक हवा मिसळते. उरलेलं ऑइल परत ठेवू नकोस. आणि रबरी भाग, पिस्टनची सीलं डिझेलने किंवा पेट्रोलने धुतली असशील तर तेही आत्ताच सांग. ती फुगतात आणि मग ब्रेक सुटतच नाहीत. गाडीच्या रंगावर ऑइल सांडलं असेल तर पाण्याने धुऊन काढ, ते रंग खातं.

काम कसं करायचं ते एकदाच सांगतो. कॅलिपर काढ, आपापल्या बाजूला लाव, निपल वर आहे हे लावण्याआधी आणि लावल्यावर डोळ्यांनी बघ. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा नीट बसत नाहीत, तिथूनच हळू गळती लागते. होजला पीळ पडता कामा नये, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघ. सरकपिनांना सिलिकॉनचं ग्रीस लाव, डब्यातलं साधं ग्रीस नको.

मग एअर काढ. गॅरेजमधल्या लहान पोराला पेडलवर बसवलंस तर आधी त्याला समजाव, नुसतं ‘मार, मार’ ओरडू नकोस. ‘दाब’ म्हटल्यावर त्याने हळू दाबायचं आणि ‘दाबलं’ म्हणायचं. तू निपल अर्धा आटा उघडायचं, ऑइल आणि हवा येईल, पेडल खाली जाईल, आणि निपल बंद करून तू ‘सोड’ म्हणेपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडव. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव, म्हणजे पेडल तळाला जाणार नाही. मास्टर सिलेंडरमध्ये कप रोज जिथवर फिरतो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्यावरून घासतो, फाटतो, आणि मग खरोखरच मास्टर सिलेंडर बदलायची वेळ येते. वरच्या टाकीवर सतत लक्ष ठेव. ती एकदा रिकामी झाली तर तुझा सगळा वेळ वाया गेला.

कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. ‘सगळ्यात लांबचं चाक आधी’ हे पाठ केलंयस, पण डायगोनल सर्किटच्या गाड्यांत कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो. मॅन्युअल काढ, वाच. ह्या गाडीला एबीएस नाही. असतं आणि मॉड्युलमध्ये हवा शिरली असती, तर कधी कधी स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. पुढे अशी गाडी येईल तेव्हा पाना उचलायच्या आधी हे आठव.

एवढं करूनही पेडल लवचीक राहिलं तर होज एक-एक करून दाबून बघ. पण त्यासाठीचाच चिमटा वापर, साधी पकड लावून होज चिरडू नकोस. ज्या चाकाचा होज दाबल्यावर पेडल घट्ट होईल, दोष त्या चाकाकडे आहे. मग शोध त्या एका चाकापुरता उरतो. शोधणं म्हणजे असं, प्रत्येक पायरीवर काहीतरी बाद करत जाणं.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाब आणि एक मिनिट धर. ते उतरता कामा नये. मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला, होजच्या बोल्टपाशी, ड्रमच्या मागे कोरडं फडकं फिरव. ओलं लागलं तर गाडी जात नाही. कोरडं असलं तर आधी आवारात, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून बघ. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर. तिथे वेग हळूहळू वाढवत मध्यम जोराचे ब्रेक मार, मध्ये गाडी चालू ठेवून ब्रेक थंड होऊ दे, म्हणजे नवे पॅडही बसतील. पहिल्याच फटक्यात, निम्म्याहून वर, पेडल अडलं पाहिजे. पहिल्याच.

गाडी त्याच्या घरून आणायची तर चालवत आणू नकोस, टो करून आण, भाडं गॅरेजने द्यायचं. दुसऱ्यांदा केलेल्या कामाची मजुरी लावायची नाही. त्याला दोष काय होता ते नीट समजावून सांग, कॅलिपर उलटे लागले होते हेही सांग. पहाटेचं जाणं दुपारवर गेलं तर जाऊ दे. आणि तुझे मालक म्हणाले की एवढ्याशा गोष्टीला पूर्ण दिवस कशाला घालवतोस, तर फोन त्यांच्या हातात दे. मी बोलतो त्यांच्याशी.